विश्लेषण : पतीच्या निधनानंतरची २३ वर्षे... रमाबाई रानडे यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर नवे आयुष्य कसे उभारले?

'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ मध्ये सुरू झाली आणि रमाबाई रानडे हे नाव घराघरांत नव्याने पोहोचले. अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आलेली यमुना, तिला पाटी-पेन्सिल देणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि घरातल्या बायकांचा रोष, एवढी गोष्ट आता अनेकांना माहीत आहे. मात्र रमाबाईंचे सर्वांत मोठे काम या गोष्टीच्या नंतरचे आहे. न्या. रानडे गेले तेव्हा रमाबाईंनी चाळिशीही गाठलेली नव्हती. त्या काळच्या ब्राह्मण घरात या वयाच्या विधवेने देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये उरलेले दिवस काढावेत, अशीच अपेक्षा होती. रमाबाईंनी त्या दिवसांत सेवासदन उभे केले, तुरुंगातल्या स्त्रियांना भेटी दिल्या, परिचारिकांच्या प्रशिक्षणाची वाट मोकळी केली आणि मुलींच्या शिक्षणासाठी पुण्याच्या रस्त्यावर मोर्चा नेला. हे कसे घडले, याचा आढावा.

रमाबाई रानडे कोण होत्या?

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे गाव देवराष्ट्रे, तेव्हाच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातले. माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवणे घराण्याला शोभत नाही, असे मानणारा तो काळ होता. त्यामुळे लग्न होईपर्यंत यमुनेला अक्षरओळखही नव्हती. डिसेंबर १८७३ मध्ये तिचे लग्न न्या. रानडे यांच्याशी झाले. ती ११ वर्षांची होती आणि ते ३१ वर्षांचे. दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या होत्या.

हे लग्न तेव्हाच्या सुधारक वर्तुळात वादाचा विषय झाले. रानडे विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते होते. पत्नीच्या निधनानंतर ते स्वतः एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी मित्रांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच भीती होती. वडिलांनी घाईने स्थळ ठरवले. मुलगा ऐकेना तेव्हा घर सोडून कोल्हापूरला निघून जाण्याची आणि संबंध तोडण्याची भाषा केली. अखेर रानडे झुकले. बोलतो एक आणि करतो एक, ही टीका त्यांना पुढे आयुष्यभर ऐकावी लागली. त्यांची स्वतःची बहीण दुर्गा विधवा होऊन त्याच घरात राहत होती, त्यामुळे ही टीका अधिकच बोचणारी होती. रमाबाईंच्या संसाराची सुरुवात अशा अवघडलेल्या वातावरणात झाली.

घरात शिकण्याची किंमत काय होती?

लग्नाच्याच दिवशी रानडे यांनी नव्या नवरीला लिहिता-वाचता येते का, असे विचारले आणि लगेच शिकवायला सुरुवात केली. आधी मुळाक्षरे, मग मराठी पुस्तके, पुढे इंग्रजी. १८८६ मध्ये सरकारच्या फायनान्स कमिटीच्या कामासाठी रानडे यांना कोलकात्याला जावे लागले, तेव्हा तिथे दोघेही बंगाली शिकले.

पण दिवसाचे बरेचसे तास रमाबाईंना घरातल्या बायकांबरोबर काढायचे होते. सावत्र सासू, नणंद आणि इतर वडीलधाऱ्या नातेवाईक स्त्रियांनी घर भरलेले होते. रानडे यांना कोणी उघड विरोध करत नसे. सारा राग सुनेवर निघत असे. टोमणे, अबोला आणि कामातून वगळणे ही त्याची रूपे होती. नवऱ्याने सांगितले तरी सगळेच ऐकायचे नसते, वेळ मारून न्यायची असते, असा उपदेशही होत असे. ख्रिस्ती शिक्षिकेकडे इंग्रजी शिकून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात वावरता येत नसे.

रमाबाईंनी त्या बायकांशी भांडण केले नाही आणि शिकणेही सोडले नाही. कोणाला उलट उत्तर द्यायचे नाही आणि घरातली गाऱ्हाणी पतीपर्यंत न्यायची नाहीत, ही पद्धत त्यांनी ठरवून घेतली. आज वाचताना ही सहनशीलता अस्वस्थ करते. पुढच्या कामात मात्र हाच अनुभव उपयोगी पडला. शिकणाऱ्या स्त्रीला सर्वांत आधी कुठे अडवले जाते आणि कोण अडवते, हे त्यांना स्वतःच्या माजघरातून कळले होते.

बायकांना एकत्र आणण्याची सुरुवात कुठे झाली?

रानडे यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. 'लोकहितवादी' गोपाळ हरी देशमुख तेव्हा तिथे न्यायाधीश होते. पुण्याच्या मोठ्या घरातून बाहेर पडून रमाबाई पहिल्यांदाच स्वतंत्र संसार करत होत्या. देशमुखांच्या घरातल्या मुलींबरोबर त्यांनी हळदीकुंकवाचे समारंभ सुरू केले. हळदीकुंकवाला जायला कोणत्याही सुनेला परवानगी मिळत असे. त्या निमित्ताने बायका जमत, वाचन होई, मुलींच्या शाळेचा विषय निघे. पहिल्यांदा चार लोकांसमोर उभे राहून बोलण्याचा प्रसंगही रमाबाईंवर नाशिकलाच आला.

पुण्याला परतल्यावर १८८२ मध्ये पंडिता रमाबाई तिथे आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि दर आठवड्याला बायकांच्या सभा होऊ लागल्या. रमाबाई रानडे तिथे नियमित जाऊ लागल्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल काढावे, या मागणीसाठी हिराबागेत सभा झाली, तेव्हा त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचले. हे हायस्कूल, म्हणजे आजची हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाले. बाहेर कौतुक झाले आणि घरी मात्र बायकांनी धारेवर धरले.

१८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईत आले. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब उभा केला. क्लब हे नाव भारदस्त असले तरी काम साधे होते. भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम आणि हस्तकला यांचे वर्ग तिथे चालत. पुढे सेवासदनमध्ये जे मोठ्या प्रमाणावर झाले, त्याचा सराव इथे झाला.

१९०१ मध्ये नेमके काय बदलले?

१९०० च्या अखेरीस न्या. रानडे यांची प्रकृती ढासळली. लाहोरला भरणाऱ्या सामाजिक परिषदेला त्यांना जाता आले नाही. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. रमाबाईंचा २७ वर्षांचा संसार संपला. त्यांना अपत्य नव्हते.

त्यांनी काय गमावले, हे पाहिल्याशिवाय पुढच्या कामाचे मोल कळत नाही. पती त्यांचे शिक्षक होते, वाचनाचे सोबती होते आणि बाहेरच्या जगात जाण्याचा परवानाही तेच होते. न्यायमूर्तींची पत्नी म्हणून सभेत बसणे वेगळे आणि विधवा म्हणून घराबाहेर पडणे वेगळे. विधवेचे दर्शन अशुभ मानले जाई, मंगलकार्यात तिला स्थान नसे. ज्या हळदीकुंकवातून रमाबाईंच्या सार्वजनिक कामाला सुरुवात झाली, त्या समारंभाचे दारही आता त्यांच्यासाठी बंद झाले होते.

रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या घरी परतल्या. सुमारे वर्षभर त्या लोकांत फारशा मिसळल्या नाहीत. या एकांताकडे केवळ रूढीचे पालन म्हणून पाहता येत नाही. दिवसाचा प्रत्येक तास ज्या माणसाभोवती बांधलेला होता, तो माणूस गेल्यावर पुढचा दिवस कसा घालवायचा हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पैशांची विवंचना नव्हती, मानही होता. पण तेव्हा त्यांच्यासारख्या स्त्रीसाठी पुढे काय, याचे ठरलेले उत्तर एकच होते : व्रतवैकल्ये, तीर्थयात्रा आणि घरातला कोपरा.

एकांतातून बाहेर येण्याचे निमित्त काय ठरले?

डिसेंबर १९०४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन मुंबईत होते. त्याला जोडून सामाजिक परिषद भरत असे. १८८७ मध्ये तिची सुरुवात करणाऱ्यांत रानडे प्रमुख होते. या परिषदेत स्त्रियांचा विषय दरवर्षी निघे, बोलणारे मात्र पुरुषच असत. स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरवावी, असे ठरले आणि भारत महिला परिषदेची कल्पना पुढे आली. अध्यक्षपदासाठी रमाबाईंचे नाव सुचवण्यात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या कुटुंबाच्या जुन्या स्नेह्यांनी आग्रह धरला आणि रमाबाईंनी होकार दिला.

या होकाराचे दोन परिणाम झाले. पहिला रमाबाईंसाठी. पतीमुळे मिळालेले स्थान सोडून त्या पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर व्यासपीठावर बसल्या. दुसरा परिणाम समाजासाठी होता. सभेच्या अध्यक्षस्थानी एक विधवा होती आणि तिला पाहायला, ऐकायला बायका मुद्दाम आल्या होत्या. विधवेचे तोंड पाहू नये, असे मानणाऱ्या समाजात हे चित्रच बरेच काही सांगून जाणारे होते.

तुरुंग आणि इस्पितळे यांच्याकडे त्या का वळल्या?

याच काळात रमाबाईंनी पुण्याच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना नियमित भेटी देण्यास सुरुवात केली. त्यांच्याजवळ बसायचे, चार शब्द बोलायचे, काही वाचून दाखवायचे, असा क्रम होता. सुधारगृहातल्या मुलांनाही त्या भेटत. इस्पितळांत फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जात. गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा मदतकार्यासाठी त्या तिकडे गेल्या. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन त्या आळंदीला जात आणि आजारी वारकरी स्त्रियांची शुश्रूषा करत.

या कामांत एक समान धागा दिसतो. तुरुंग, इस्पितळ किंवा वारीचा तळ, या सर्व ठिकाणी विधवेला मज्जाव नव्हता. तिथल्या माणसांना कोणीतरी येण्याची गरज होती आणि येणारीच्या कपाळावर कुंकू आहे का, हा प्रश्न गौण होता. ज्या समारंभांतून रूढीने त्यांना बाहेर काढले होते, त्यांच्या दाराशी रमाबाई थांबून राहिल्या नाहीत. माणसांशी नाते जोडण्याच्या दुसऱ्या जागा त्यांनी शोधल्या. त्या जागांवर त्यांना घरंदाज वर्तुळाच्या बाहेरच्या स्त्रिया भेटल्या. हुजूरपागेच्या सभांत किंवा मुंबईच्या क्लबमध्ये या स्त्रिया कधी आल्या नसत्या.

सेवासदनची कल्पना कोणाची?

मूळ कल्पना बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांची. मलबारी हे पारशी पत्रकार आणि सुधारक. संमतिवयाचा कायदा व्हावा म्हणून त्यांनी मोठी मोहीम चालवली होती. दयाराम गिडुमल हे सिंधचे, न्यायखात्यातले अधिकारी. स्त्रियांसाठी आश्रयस्थान असावे आणि भारतीय स्त्रियांना शुश्रूषेचे शिक्षण मिळावे, असा त्यांचा विचार होता. ही संस्था चालवायची तर पुढे स्त्रीच हवी, हे ओळखून ते रमाबाईंकडे आले. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू झाले आणि रमाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात रमाबाईंचे प्रमुख सहकारी होते. सुरुवातीचे वर्ग रमाबाईंच्या घरातच भरत. ज्या घरात एकेकाळी पुस्तक हातात धरल्याबद्दल बोलणी खावी लागत, तिथेच आता शेजारपाजारच्या बायका दुपारी पाट्या घेऊन येऊ लागल्या. १९१५ मध्ये पुणे सेवासदनची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली.

सेवासदन इतर संस्थांपेक्षा वेगळे का होते?

स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था त्याआधीही होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. कर्वे यांनी स्वतः शारदा सदनातल्या विधवा विद्यार्थिनीशी विवाह केला होता. त्यामुळे सनातनी घरांना त्यांच्याबद्दलही धास्ती होती.

सेवासदनने जी जागा हेरली ती या दोहोंच्या मधली होती. घर सोडून आश्रमात येण्याची अट इथे नव्हती. घरी राहणारी, मुलेबाळे असणारी, पस्तिशी-चाळिशीची बाईसुद्धा दुपारची कामे आटोपून दोन तास येऊ शकत होती. प्रौढ स्त्रियांसाठी लेखन-वाचन, हिशेब, शिवण, विणकाम आणि प्रथमोपचार असे विषय होते. पुढे शिकायची तयारी असलेल्या मुलींसाठी शिक्षिका होण्याचे आणि परिचारिका होण्याचे मार्ग होते. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहे उभी राहिली.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे सधवा, विधवा आणि टाकलेल्या बायका एका वर्गात बसू लागल्या. अशा प्रकारे त्या एकत्र येण्याची सोय तेव्हाच्या कोणत्याही सणात किंवा समारंभात नव्हती. शिवाय संस्थेच्या अध्यक्षा स्वतः साध्या वेषातल्या, धार्मिक आणि सोवळे-ओवळे जाणणाऱ्या होत्या. रानडे यांच्या घरची बाई हे चालवते आहे, एवढ्या खात्रीवर अनेक सासऱ्यांनी सुनांना आणि भावांनी बहिणींना पाठवले. रमाबाईंची जुनी वळणे इथे संस्थेचे भांडवल ठरली.

परिचारिकांच्या शिक्षणाला विरोध का झाला?

शिक्षिका होणे एक वेळ खपवून घेतले जात होते. परिचारिकेचे काम मात्र उच्चवर्णीय हिंदू घरांना अजिबात मान्य नव्हते. परक्या माणसाच्या शरीराला स्पर्श, रक्त आणि मलमूत्र, सर्व जातींचे रुग्ण, रात्रपाळी, पुरुष डॉक्टरांबरोबर काम, यांतली प्रत्येक गोष्ट रूढीच्या विरोधात होती. त्यामुळे हे काम तेव्हा प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रियाच करत.

याची दुसरी बाजू रमाबाईंना दिसत होती. घरातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला तयार नसत, परक्या धर्माच्या परिचारिकेच्या हातचे पाणीही घेत नसत आणि बाळंतपणात जीव जात. त्याच वेळी तरुण विधवांना मानाने पोट भरण्याचे साधन नव्हते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात होते. पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनच्या मुली शिकू लागल्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृह ठेवण्यात आले, म्हणजे खाण्यापिण्याची आणि सुरक्षिततेची घरच्यांची शंका फिटे. वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीही वेगळी सोय झाली.

समाजाची नजर मात्र लगेच बदलली नाही. सेवासदनच्या एका वार्षिक समारंभाची आठवण सांगितली जाते. केशवपन केलेली, लाल आलवण नेसलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, तेव्हा गॅलरीत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई त्या दिवशी संतापल्या. समारंभ संपताना त्यांनी त्या शिकलेल्या तरुणांना खडे बोल सुनावले. तरुण वयात घरच्या टोमण्यांना कधीही उत्तर न देणाऱ्या रमाबाई आता भर सभेत दुसरीच्या अपमानावर बोलत होत्या.

त्यांच्या आठवणींचे पुस्तक महत्त्वाचे का?

सेवासदनची घडी बसत असतानाच, १९१० मध्ये, रमाबाईंचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मराठीतल्या स्त्रीलिखित आत्मकथनांत हे आरंभीचे आणि आजही वाचले जाणारे पुस्तक आहे. त्याची इंग्रजी भाषांतरेही झाली.

पुस्तकाचा रोख पतीवर आहे. आपण सावलीत उभ्या आहोत, अशाच पद्धतीने रमाबाई लिहितात. कथन न्या. रानडे यांच्या निधनापाशी थांबते. भारत महिला परिषद, तुरुंगातल्या भेटी, सेवासदन यांतले काहीच त्यात येत नाही. पती थोर होते हे सांगण्यासाठी त्यांनी लेखणी धरली आणि त्या ओघात एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घराचे आतले दालन उघडले. स्वयंपाकघरातले राजकारण, अबोल्याचा धाक, नवऱ्याच्या नाराजीने होणारी घालमेल हे सगळे त्यांनी साध्या, बोलत्या मराठीत मांडले. दुसऱ्या कोणालाही हे लिहिता आले नसते. १९१५ मध्ये त्यांनी रानडे यांच्या इंग्रजी लेखांचा आणि भाषणांचा संग्रहही प्रकाशित केला. पतीचे स्मरण आणि स्वतःचे काम या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे बरोबरीने चालू राहिल्या.

मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा वाद काय होता?

१९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्यात प्रश्न उभा राहिला तो पैशांचा आणि त्याआडून मुलींचा. तिजोरी तोकडी आहे, म्हणून सक्ती आधी मुलांपुरती करावी आणि मुलींचे नंतर पाहावे, अशी लोकमान्य टिळकांच्या बाजूच्या मंडळींची भूमिका होती. आधी मुले, मग मुली म्हणजे मुली कायमच्या मागे, असे सुधारक गटाचे म्हणणे होते. १९२० मध्ये या वादाने पुणे ढवळून निघाले. सभांमध्ये गोंधळ झाले. साठीच्या घरातल्या रमाबाईंच्या पुढाकाराने स्त्रियांचा मोर्चा निघाला. पुण्यातल्या घरंदाज बायका एका नागरी मागणीसाठी रस्त्यावर उतरल्या, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

त्यानंतर स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही रमाबाई उतरल्या. मुंबई इलाख्यात कायदेमंडळासाठी स्त्रियांना मताचा हक्क मिळावा, म्हणून १९२१-२२ च्या सुमारास त्यांनी प्रयत्न केले. फिजी आणि केनियातील भारतीय मजुरांवरच्या अन्यायाविरुद्धही त्यांनी आवाज उठवला.

त्यांच्या कामाच्या मर्यादा कोणत्या?

रमाबाईंच्या कामावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेही गेले आहेत. त्यांनी पतिव्रतेचा आदर्श कधी नाकारला नाही. न्या. रानडे यांच्या विसंगतींवर त्यांनी उघड टीका केली नाही. सेवासदनचा सुरुवातीचा वर्ग मुख्यतः शहरी आणि उच्चवर्णीय होता. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुरुषसत्तेला जो थेट जाब विचारला किंवा पंडिता रमाबाईंनी धर्मशास्त्रावर जी टीका केली, तसा सूर रमाबाई रानडे यांच्याकडे सापडत नाही.

मात्र तुलना करताना एक फरक लक्षात घ्यावा लागतो. ताराबाईंना त्यांच्या काळात अनुयायी मिळाले नाहीत. पंडिता रमाबाईंना धर्मांतरानंतर पुण्याच्या हिंदू समाजाने दूर लोटले. रमाबाई रानडे यांनी समाजाशी दोर तुटू न देता तो हळूहळू ताणला. त्यासाठी स्वतःच्या मतांना त्यांनी किती मुरड घातली, हे त्यांच्या लेखनातून पूर्ण कळत नाही. परिणाम मात्र दिसतो. १९२४ मध्ये वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा एकट्या पुणे सेवासदनमध्ये हजारावर स्त्रिया शिकत होत्या.

आज त्यांचे काम कुठे दिसते?

रमाबाईंच्या निधनानंतर महात्मा गांधींनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. पतीच्या अनेक कामांपैकी एक काम निवडून त्यांनी त्यात जीव ओतला आणि त्यामुळे सेवासदनसारखी दुसरी संस्था देशात नाही, असा गांधींच्या लेखाचा आशय होता. जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. मुंबईत गावदेवीला आणि पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर सेवासदनचे काम आजही चालू आहे. सोलापूर आणि नागपूर येथेही या नावाच्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या.

मध्यमवयात जोडीदार गमावलेल्या, मुले दूर गेलेल्या किंवा संसाराची पहिली धावपळ संपलेल्या स्त्रियांपुढे आज वेगळ्या स्वरूपात तोच प्रश्न असतो : आता पुढे काय? रमाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात शोधले नाही. आधी वर्षभराचा एकांत होता. मग आग्रहाने स्वीकारलेले एक अध्यक्षपद, मग तुरुंगातल्या भेटी, मग घरात भरणारा दुपारचा वर्ग आणि सर्वांत शेवटी संस्था. प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याभोवती नवी माणसे जमत गेली. दुःख संपल्यावर त्या कामाला लागल्या असे नव्हे. त्यांनी पतीच्या आठवणी लिहिल्या त्या सेवासदनचे वर्ग सुरू असतानाच. माजघरातल्या बायकांच्या नजरा चुकवून अक्षरे गिरवणाऱ्या यमुनेच्या घरी आता बायका उघडपणे, दिवसाढवळ्या शिकायला येत होत्या.